सर्वांत कमी गुणांचं घर

मुलांनो, समोरच्या आर्किटेक्चर कॉलेजात काल तपासणी समिती आली होती. तिने मान्यता दिली नाही, तर तिथली पदवी घेऊन कुणालाच आर्किटेक्ट म्हणून काम करता येणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी सायली तिथेच शिकते. काल सकाळीच ती पुठ्ठ्याचं घर दोन्ही हातांवर सांभाळत माझ्याकडे आली.

"आजी, हे संध्याकाळपर्यंत ठेवा. वर्गात सगळ्यांत कमी गुण यालाच आहेत. सर म्हणाले, समितीच्या नजरेला पडायला नको."

सायली अजून माझ्याकडेच होती, तोच तासाभरात तेच सर धापा टाकत दारात. "सायली, चल! समितीला जेमतेम पास झालेलं कामच बघायचंय!"

"सर, पण याच्या जिन्यात डोकं आपटतं."

"मग तेच सांग त्यांना!"

मी शाळेत शिकवत असताना तपासणीच्या दिवशी सुवाच्य वह्या वर ठेवायची. तळातली वही कुणी मागितली नाही, आणि मला त्याचं हायसंच वाटायचं. आता वाटतं, शाळेने काय शिकवलं ते त्याच वहीत कळलं असतं. पहिल्या नंबराची मुलं कुठेही शिकतात.

संध्याकाळी सायली आली ती हसतच. निकाल अजून यायचाय. पण समितीतल्या बाईंनी तिला विचारलं, "आज हा जिना कसा काढशील?" तिने तिथेच कागदावर काढला. बाईंनी दोन बोटं एकेका पायरीवरून चालवत वर नेली आणि म्हणाल्या, "पोचले बाई."