मावशीच्या बारा चुका

माझी मावशी शिवणकाम शिकवायची. तीस वर्षं, एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत. तिची बारा धड्यांची वही होती आणि प्रत्येक धड्यात एक माप मुद्दाम चुकीचं. न मोजता कात्री चालवली की कापड वाया. जी मुलगी चूक पकडायची, तिला त्या दिवशी मावशीची मोठी कात्री वापरायला मिळायची. एरवी त्या कात्रीला हात लावायची सख्ख्या भाचीचीही टाप नव्हती.

मग डोळे अधू झाले आणि वर्ग बंद पडला. "शिकल्या त्या शिकल्या. आता वही रद्दीत," मावशी एकदा म्हणाली, तेव्हा मला भडभडून आलं.

मी वहीच्या पानांचे फोटो काढून फुकट धड्यांच्या एका साइटवर टाकले. तिथला धडा कोणीही घ्यावा, सुधारावा, पुढे द्यावा. तिथल्या यंत्राने मावशीचं गिचमिड अक्षर वाचलं, आकृत्या सरळ केल्या आणि धडे चक्क अनेक भाषांत बोलून दाखवले. मी मोठ्या तोऱ्यात मावशीला ऐकवायला बसले. पहिले दोन धडे तिने कपाळाला आठ्या घालून ऐकले, तिसऱ्याला ती ताडकन उठली.

"बाहीचं माप बरोबर कसं?"

"यंत्राने सुधारलं. बाराच्या बारा चुका काढल्या!"

"शहाणंच आहे! मग मुली मोजतील कशाला?"

दोन दिवस अबोला. शेवटी मीच नमतं घेतलं, चुका परत घातल्या आणि प्रत्येक धड्यावर लिहिलं, 'यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. कापण्याआधी मोजा.'

त्यानंतर मावशी रोज संध्याकाळी विचारायची, "पकडली का गं कोणी?" नाही म्हणताना मी तिच्याकडे बघत नसे.

चार महिन्यांनी निरोप आला. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरी शिवणारी कुणी बाई. धडे ती फोनवर ऐकायची. 'बाराही सापडल्या. तेरावीसुद्धा मुद्दाम आहे का? नवव्या धड्यात लहान मुलाची कॉलर गळ्याला अर्धा इंच कमी पडते.'

"काहीतरीच!" म्हणत मावशीने मला वहीतल्या मापाने कॉलरचा आणि गळ्याचा कागद कापायला लावला. बोटांनी चाचपून पाहिला. परत पाहिला.

"कॉलर लावताना मी जरा ओढून घेते गं. मुली बघून तसंच करायच्या. वहीत लिहायचं राहूनच गेलं."

यंत्रालाही ते दिसलं नव्हतं. मला वाटलं, आता ही खचणार. तर डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"मी समोर नसताना मोजलं तिने. माझंसुद्धा मोजलं! पत्ता माग तिचा."

"कशाला?"

"कात्री नको का द्यायला?"

"एका दिवसासाठी?"

"माझ्या आता काय कामाची? राहू दे तिच्याकडेच."

जुन्या कापडात गुंडाळताना ती कात्री मी पहिल्यांदाच हातात घेतली. चांगलीच जड होती.