कडक इस्त्रीचा बर्गर

आमचा धाकटा लाँड्रीत इस्त्री करतो. शर्टाला अशी कडक घडी घालतो की घालणारा माणूस खाली बसायला घाबरतो. हा गुण घराण्यातला. मी खिडक्यांच्या ग्रील बनवतो, माझ्या हातून आजवर एक गज वाकडा गेलेला नाही. फक्त देवाने मला हातासोबत डोकंही दिलं. धाकट्याच्या वेळी माल संपला असावा.

त्याला फुगलेलं काही बघवत नाही. उशी दिसली की दाबतो. लेकीच्या फ्रॉकच्या फुग्याच्या बाह्या त्याने अशा बसवल्या की पोरगी शाळेत पोस्टाच्या पाकिटासारखी गेली.

अशा माणसाला घरी बर्गर भाजायची हौस आली! मोबाइलवर बघून आला आणि म्हणाला, "दादा, एक जाळी करून दे." मी ड्रम उभा चिरला, वर जाळी वेल्ड केली. जी जाळी चोराला आत येऊ देत नाही, ती खिम्याची पॅटी खाली पडू देईल होय?

पहिल्याच दिवशी शहाण्याने सासऱ्याला जेवायला बोलावलं. सासरा खाटीक. लेकीने इस्त्रीवाल्याशी लग्न केलं याचा राग तो पोटात धरून होता. स्वतःचे शर्ट आमच्या लाँड्रीवरून पुढे नेऊन दुसरीकडे टाकायचा. तरी त्या दिवशी बेताची चरबी घातलेला खिमा घेऊन आला.

धाकट्याने पॅटी निखाऱ्यावर ठेवली आणि उलथण्याने दाबली. चर्रर्र! सगळा रस विस्तवात.

"आवाज ऐकलास, दादा? कशी बसली बघ!"

सासऱ्याने एक घास घेतला. पावातली पॅटी काढली, वाकला आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

"टेबल डुगडुगत होतं," म्हणाला. "आता ठीक आहे." आणि गेला.

त्यानंतर त्याने घरात पाऊल ठेवलं नाही. भावजय एकटीच माहेरी जायची आणि एकटीच यायची. ती पॅटी तिने काढली नाही. "राहू दे, नवऱ्याची कमाई आहे," म्हणायची. उंदीरसुद्धा त्या पॅटीला शिवले नाहीत.

शेवटी तिने बापाला कसंबसं तयार केलं. तो म्हणाला, "एकदा येतो. पुन्हा टेबलाला टेकू द्यायची वेळ आली, तर यापुढे तू इकडे ये. मला तिकडे बोलवायचं नाही."

ठरलेल्या रविवारी मी सकाळपासून त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो. कुणीतरी अक्कलवाला जवळ हवा ना! माझ्या सांगण्यावरून धाकट्याने कांदा लोण्यात मंद आचेवर तांबूस होऊ दिला. टोमॅटोला मीठ लावलं, लोणच्यातली काकडी चिरली, पाव कापून कडेला शेकत ठेवला. खिमा मळायचा नाही, नुसता गोळा करायचा, हेही मीच ओरडून सांगितलं. पॅट्या जाळीवर चढल्या आणि मधोमध फुगायला लागल्या. धाकट्याचा हात वळवळायला लागला.

"उलथणं खाली ठेव."

"दादा, फुगतेय रे! नुसतं एकदाच."

"हात तोडीन."

"अरे, पण वाईट दिसतंय!"

मी उलथणं हिसकावलं, तर गाढवाने दाबायला पातेल्याचं झाकण उचललं. मग भावजय आत गेली. इस्त्रीचं टेबल बाहेर ओढलं, खिडकीतून वायर आणली, तापलेली इस्त्री त्याच्या हातात दिली आणि ओल्या रुमालांचा ढीग पुढ्यात टाकला.

"हे दाबा. एक रुमाल झाला की पॅटी उलटायची. तोवर तिकडे बघायचंसुद्धा नाही."

पठ्ठ्या रुमालांवर तुटून पडला. तेवढ्यात सासरा दारात.

"जेवायला बोलावलंय की धुवायला?"

पॅटीवर चीज वितळलं, वर कांदा बसला, बर्गर सासऱ्याच्या हातात गेला. त्याने चावा घेतला आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तिथून टपकन पांढऱ्या शर्टावर!

सगळे गार. जन्मभर मांस कापलं पण शर्टावर ठिपका पडू दिला नाही, ही त्या माणसाची घमेंड. भावजयीचा चेहरा उतरला.

"काढा," धाकटा म्हणाला.

"काय?"

"शर्ट काढा, मामा. तेल मुरलं की मग माझ्या बापालाही निघायचं नाही."

सासऱ्याने शर्ट काढला. पण बर्गर खाली ठेवला नाही. या हातातून त्या हातात घेत बाह्या सोडवल्या. दुसरा बर्गर त्याने बनियनवर बसून खाल्ला. मधेच टेबलाखाली डोकावून म्हणाला, "अजून आहे का ती?"

"टिकाऊ आहे, मामा," धाकटा शर्टावर साबण घासत अभिमानाने म्हणाला. भावजय तोंडाला पदर लावून हसली.

शर्ट धुवून, पिळून, इस्त्रीखाली वाळून आला. सासऱ्याने अंगात घातला, कॉलरवरून बोट फिरवलं. चूक शोधत होता. आमच्या घराण्याच्या कामात? शोध म्हणावं!

पुढच्या रविवारी न बोलावता आला. एका हातात खिमा, दुसऱ्या हातात शर्टांचं गाठोडं.

"जावईबापू," म्हणाला, "हे दाबा. ते दाबू नका."

गल्लीत आता धाकट्याच्या बर्गरचं कौतुक चालतं. चालू दे. जाळी कुणाची आहे, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोच.