दोन पानं सांगून ठेवली होती

बेळगावहून बंगळूरकडे जाणारी गाडी हलली तेव्हा आत्या खिडकीशी ताठ बसली होती. मांडीवर पाण्याचा तांब्या, अंगावर विधवेचं लाल आलवण. फलाटावरचे दिवे मागे पडले आणि तिनं विचारलं, "कुसुम, तिथं जेवणाचं नक्की सांगून ठेवलंयस ना?"

"महिन्यापूर्वीच, आत्या. उत्तरसुद्धा आलंय."

घरातून निघाल्यापासून ती हेच विचारत होती, आणि तिचंही काही चुकत नव्हतं. ऑगस्टात लालबागेतल्या काचघरात फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा साऱ्या म्हैसूर राज्यातून माणसं बंगळुरात लोटतात. झोपायला कुठंतरी पथारी पसरता येते. जेवणाचे मात्र हाल होतात. ज्यांना पथ्य किंवा सोवळं सांभाळायचं आहे त्यांनी गाडीच्या तिकिटाआधी जेवणाची सोय बघावी, आणि तीही निदान महिनाभर आधी, असं आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला बजावलं होतं. मल्लेश्वरममधल्या वामनरावांच्या खाणावळीचा पत्ता त्यांनीच दिला. घरगुती खाणावळ, मराठी माणसं, सोवळ्यातला स्वयंपाक. मी कार्ड टाकलं: दोन पानं, तीन दिवस, एका पानाला कांदा-लसूण नको, आणि ते पान दिवसातून एकदाच. वामनरावांनी उलट टपाली कळवलं, पानं मांडून ठेवतो, शेजारच्या माडीवर खोलीही सांगितली आहे, निर्धास्त या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विधवा होऊन ती आमच्या घरी आली ती कायमची. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. परसात रॉकेलच्या जुन्या डब्यांतून ती शेवंती आणि डेलिया लावायची. कुठल्याशा कॅलेंडरवर तिनं काचघराचं चित्र पाहिलं होतं. "एवढं मोठं घर, आणि आत नुसती फुलं?" असं ती पाहुण्यांनाही दाखवून विचारी. मला शाळेत नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं, आत्याला एकदा खरं काचघर दाखवायचं. ते जमेपर्यंत तिनं साठी ओलांडली होती.

तुमकूरच्या आसपास उजाडलं. नारळीच्या बागा, मधूनच एखादी बोडकी दगडी टेकडी, आणि सगळ्यावर राखेच्या रंगाचं आभाळ. आत्यानं आदल्या दुपारपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. यशवंतपूरला उतरलो, जटका (टांग्यासारखी कमानीच्या छताची घोडागाडी) केला आणि बारीक पावसात मल्लेश्वरमकडे निघालो. रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, बंगल्यांची कौलं भिजून काळी पडलेली. आत्या म्हणाली, "गाव स्वच्छ आहे हो." तेवढंच काय ते आनंदाचं बोलणं त्या प्रवासात झालं.

खाणावळीची पाटी सापडली, पण दार उघडं असूनही आतून ना भांड्यांचा आवाज, ना फोडणीचा वास. ओसरीवर चार माणसं मान खाली घालून बसली होती. उंबऱ्याबाहेर विझलेल्या गोवरीचा तुकडा पडला होता. जटकावाल्यानं तो पाहिला आणि लगाम ओढून हळूच म्हणाला, "ऊटा इल्ला, अम्मा." (जेवण नाही, बाई.)

शेजारच्या घरातून एक जाडजूड, प्रौढ बाई लगबगीनं आल्या. त्यांचं नाव तुळजाक्का. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात कापडाचा धंदा करणारं. भाषा मराठी, घरात जपलेली, पण तिच्यात कानडी मिसळून गेलेली. माडीवरची खोली त्यांचीच होती.

"बेळगावचे ना तुम्ही? या अक्का, आत या. काय सांगू! वामनअण्णा काल गेले हो. चुलीपाशीच. आमटी ढवळत होते, छातीला हात लावला आणि बसले खाली. संध्याकाळी सगळं उरकून आले माणसं."

आत्या जटक्यातून उतरली आणि सरळ त्या घराच्या दाराशी गेली. आत भिंतीला टेकून तिशीची एक बाई बसली होती. वामनरावांची बायको, सुशीला. तिला मूलबाळ नव्हतं. तुळजाक्का सांगत होत्या की कालपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं आमच्याकडे पाहिलं, आत्याच्या आलवणाकडे पाहिलं, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही बेळगावच्या. दोन पानं. एकाला कांदा-लसूण नाही." तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हे म्हणत होते, आजी येणार आहेत, त्यांच्यासाठी वेगळं पातेलं काढून ठेव..." आणि ती रडायला लागली. उंबऱ्याबाहेर उभी असलेली आत्या तिथंच खाली बसली.

सुतकाच्या घरी जेवणाचा प्रश्नच नव्हता. आत्याला माडीवर बसवून मी बाहेर पडले. मल्लेश्वरममधली जी जी खाणावळ दिसली तिथं विचारलं. कुठं रांग रस्त्यापर्यंत आलेली, कुठं दारातूनच हात हलवून परत पाठवत होते. एका ठिकाणचे मालक बिचारे समजुतीनं म्हणाले, "फ्लॉवर शो अल्लवा, अम्मा? (फुलांचं प्रदर्शन नाही का, बाई?) आधी सांगून ठेवायचं असतं." आत्यासाठी केळी घेतली आणि भिजत परतले.

परतले तेव्हा खाणावळीसमोर गर्दी होती. आमच्यासारखीच आगाऊ पानं सांगितलेली मंडळी येऊन ठेपली होती. हुबळीचे एक निवृत्त हेडमास्तर आपल्या बायकोला आधार देत उभे होते आणि चिडून म्हणत होते, "दुःख आहे, मान्य आहे. पण आम्ही पंधरा दिवस आधी कळवलंय. हिला साखरेचा आजार आहे, वेळेवर खायला लागतं. आता कुठं जावं आम्ही?"

त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता सुशीलेचा थोरला दीर. सकाळच्या गाडीनं तो गदगहून आला होता. "खाणावळ बंद झाली," तो सांगत होता. "कायमची. तेरावा झाला की घर सोडणार आणि सुशीलेला गावी नेणार."

तुळजाक्का म्हणाल्या, "असं कसं हो? पोरीला सगळा स्वयंपाक येतो. ती चालवील की."

"विधवेच्या हातचं कोण जेवायला येणार?"

माडीच्या जिन्यावरून आत्याचा आवाज आला. "चाळीस वर्षं माझ्या भावाचं घर जेवतंय." सगळ्यांनी वर पाहिलं. ती सावकाश खाली आली आणि तुळजाक्कांना विचारलं, "तुमच्या मागच्या पडवीत चूल आहे का?"

"आहे की. पण अक्का, आमच्या घरात तुम्ही... आमच्यात मटण शिजतं."

आत्यानं मागच्या दाराकडे पाहिलं. मी तिला ओळखत होते. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा ती घेत नसे. मग ती म्हणाली, "शेण आहे ना? सारवून घेते."

"सरी, सरी" (बरं, बरं) म्हणत तुळजाक्का शेणाची पाटी आणायला धावल्या.

त्या दुपारी आत्यानं दुसऱ्याच्या पडवीत पहिल्यांदा चूल पेटवली. तांदूळ-डाळ सुशीलेनं देऊ केली, पण सुतकातलं घ्यायचं नाही म्हणून तुळजाक्कांनी दुकानातून नवं सामान मागवलं. मी वाटण केलं, पत्रावळी मांडल्या, वाढलं. हेडमास्तरांच्या पत्नी पहिला घास घेऊन डोळे पुसायला लागल्या. हेडमास्तर मान वर न करता जेवले आणि जाताना आत्याला म्हणाले, "सकाळी मी जरा जास्तच बोललो."

"भुकेला माणूस बोलतोच," आत्या म्हणाली. "उद्याही या. ज्यांनी ज्यांनी पानं सांगितलीत त्यांना निरोप द्या."

सगळे उठल्यावर ती जेवली. एकटीच, भिंतीकडे तोंड करून.

काचघर दुसऱ्या दिवशी बघू असं ठरलं. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली, आणि काचघर तिसऱ्या दिवसावर गेलं. पाऊस थांबत नव्हता. पडवीत ओल्या लाकडांचा धूर कोंडायचा आणि आत्या खोकत खोकत भाकऱ्या थापायची. सुशीला आपल्या मागच्या दारात, अंतर ठेवून बसायची. आधी नुसती बघत असे. मग हळूच म्हणाली, "इकडच्या माणसांना सार पातळ लागतं, आजी. आणि स्वल्प गूळ." आत्यानं गूळ घातला. मी मनात म्हटलं, हिला धीर येतोय.

त्या दुपारी वाढप संपल्यावर दोघी आपापल्या जागी बसल्या होत्या, मध्ये ओलं अंगण. मी खरकटं काढत होते. सुशीलेनं विचारलं, "आजी, तुम्ही कशा राहिलात हो भावाकडे?"

आत्यानं जरा विचार केला. "वाईट नाही राहिले. कधी कुणी वाकडं बोललं नाही. पण माझ्या भावाच्या लग्नात, पोरांच्या बारशांत, सगळ्यांत मी चुलीपाशी होते. या जागेवरून उठून कुठं जावंसं वाटतं का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच ठाऊक नव्हतं." मग ती पुढं वाकली. "तू गावी जाऊ नकोस. इथं दार तुझं आहे, पाटी तुझी आहे. एकदा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलीस की मग बाहेर पडायला वाट नसते, पोरी."

माझ्या हातातल्या पत्रावळी तशाच राहिल्या. ते दुसऱ्याचं स्वयंपाकघर म्हणजे आमचं घर होतं. याच हातांनी तिनं मला वाढवलं होतं, आणि मी समजत होते की ती आमच्यात सुखानं आहे. आत्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथं आहे हे ती बहुधा विसरली होती.

तिसऱ्या दिवशी वाढप लवकर आटोपून आम्ही एकदाच्या लालबागेत गेलो. बसला गर्दी, रस्त्यात चिखल; पोचेपर्यंत दिवस कलला होता. त्या दिवशी प्रदर्शनाचा शेवट होता. काचघर खरोखरच चित्रातल्यापेक्षा मोठं होतं, लोखंडाच्या बारीक नक्षीवर उभं, काचांवरून पावसाच्या रेघा उतरत होत्या. पण आत माळी कुंड्या उचलून हातगाड्यांवर चढवत होते. फुलांचा मोर केला होता म्हणे. त्याची नुसती तारेची मान शिल्लक होती. जमिनीवर पाकळ्यांचा चिखल झाला होता आणि कुजका, गोड वास सुटला होता.

एका कोपऱ्यात डेलियाच्या कुंड्या उरल्या होत्या. गर्द लाल, ताटाएवढी फुलं, कडांनी काळवंडलेली. आत्यानं एका फुलाखाली हात धरला, जणू त्याला आधार देत होती. माळी येऊन थांबला, तेव्हा ती बाजूला झाली.

"झालं बघून," ती म्हणाली. "चल."

परत आलो तो खाणावळीची पाटी जागेवर नव्हती. ओसरीत पितळेची पातेली एकात एक घालून ठेवली होती. गिऱ्हाईक येऊन वजन करून गेलं होतं. दीर वाईट माणूस नव्हता. तो मलाच समजावून सांगू लागला, "एकटी बाई, परका मुलूख. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील."

आत्या सुशीलेच्या दाराशी गेली. "तू काय म्हणालीस त्यांना?"

सुशीला नखानं जमीन टोकरत राहिली. "काही नाही म्हटलं, आजी. तोंडातून शब्दच फुटला नाही."

आत्या तिला रागावली नाही, समजूतही घातली नाही. सुतकातल्या माणसाला शिवायचं नसतं. तरीही उंबरा ओलांडून तिनं सुशीलेच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आम्ही सामान बांधलं. तुळजाक्का जटक्यापर्यंत आल्या आणि "होगि बन्नि" (जाऊन या) म्हणाल्या. दारात सुशीला उभी होती. तिनं हात हलवला नाही.

येताना गाडीत आत्या एका जागी बसून राहिली. अर्सिकेरेच्या पुढं कुठंतरी मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "आत्या, मला पगार आहे. शाळेजवळ दोन खोल्या घेऊ. तू आणि मी. तुला हवं तेव्हा चूल पेटव, नको तेव्हा नको."

ती बाहेरच पाहत होती. "तुझं लग्न व्हायचंय," ती म्हणाली.

"ते बाजूला ठेव. तुला यावंसं वाटतं का?"

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला आणि म्हणाली, "धूर येतोय आत. खिडकी लाव."

बेळगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वडील अंगणात आले, मला म्हणाले, "काय, कसं होतं काचघर?" आणि उत्तराची वाट न बघता आत्याला म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलीस. चार दिवस नुसतं पिठलं खातोय."

"मोठं होतं काचघर," आत्या म्हणाली. तिनं हौदावर जाऊन अंगावर पाणी घेतलं, कोरडं आलवण नेसली आणि आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर निघू लागला. मी अंगणात सामानाशी उभी होते. वडील झोपाळ्यावर बसून मला प्रवासाच्या गोष्टी सांगायचा आग्रह करत होते.