शुभांगीची हळद

स्टुडिओवाल्याकडे किस्से का साठतात माहितीये? लोक माइकसमोर गातात आणि माइक बंद झाला की खरं बोलतात. गाणी कंपनी घेऊन जाते, बाकीचं आमच्या डोक्यात राहतं. भांडुपला एका पिठाच्या गिरणीवर माझा आणि नितीनचा छोटा स्टुडिओ आहे. खाली गिरणी सुरू झाली की आमची लादी थरथरते, म्हणून गाण्याचं काम फक्त गुरुवारी, गिरणीच्या सुट्टीला. इतक्या वर्षांत भले भले गाऊन गेले, पण मला हादरवलं ते एकाच बाईने. सुमतीकाकूंनी.

काकू सावंतवाडीकडच्या, राहायला इथेच टेकडीवरच्या चाळीत, वय साठीच्या पुढे. ओळखीपाळखीच्या लग्नांत हळदीची गाणी म्हणायच्या, आणि तीही स्वतः रचलेली. नितीनने त्यांना त्याच्या मावसबहिणीच्या हळदीला ऐकलं आणि दुसऱ्याच गुरुवारी उचलून आणलं.

*

पहिल्या दिवशी काकूंना हेडफोन लावला, म्युझिक सोडलं. काकू आपल्या हातांकडे बघत बसल्या.

"काय झालं काकू?"

"हात रिकामे ठेवन् गाणा येयत कसा?"

जन्मभर त्या हळद कुटताना, तांदूळ निवडताना गायलेल्या. पिशवीतून त्यांनी वालाच्या शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. प्रत्येक शेंगेचा कडकड आवाज माइकमध्ये. मी वैतागलो. कोपऱ्यात केबल्सचा एक खोका पडला होता, सगळ्या वायरी एकमेकींत अडकलेल्या. तोच त्यांच्या पायाशी सरकवला आणि चेष्टेत म्हटलं, "शेंगा नको, हे सोडवा."

तिसरा अंतरा संपेपर्यंत सगळ्या केबल्स सुट्ट्या. वर प्रत्येकीची नीट गुंडाळी. तो गुंता मी आणि नितीनने दोनदा सोडवायला घेऊन दोनदा नाद सोडला होता. नितीन खोक्यात बघतच राहिला. गाण्याबद्दल बोलायचं आम्ही दोघंही विसरलो.

*

मग नावाची भानगड झाली. रंगात गाता गाता काकू एकदम थांबल्या.

"नवरेचा नाव काय?"

म्हटलं, "काकू, नवरी नाहीये. नुसतं गाणं करतोय."

"नवरी नाय, मग हळद कोणाक लावतलंय? तुका?"

नितीनने समजावलं की हे सगळ्यांसाठी आहे, कोणाच्याही लग्नात वाजेल, नाव घालून चालणार नाही. काकू ऐकायला तयार नाहीत. नावाशिवाय हळदीचं गाणं म्हणजे त्यांच्या मते पत्ता न घातलेलं पाकीट. शेवटी डोळे मिटून त्यांनी ओळ म्हटली, "हळू लावा गो हळद, माझ्या शुभांगीक." अशी म्हटली की माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर आल्यावर विचारलं, शुभांगी कोण?

"माझा चेडू, लेक माझी. चाळीस वर्षांची झाली. लग्न करूचा नाय म्हणता, नि करूची पण नाय, माका म्हायत आसा. गाण्यात तरी लागांदे तिका हळद."

"तिला विचारलंत का?"

काकू गुंडाळलेली केबल पुन्हा गुंडाळत राहिल्या. मी तेव्हाच ओळ बदलायला हवी होती. नाही बदलली, कारण टेक फार सुंदर होता. चूक माझी.

*

तीन महिने त्या गाण्याला कुत्रंही विचारेना. मग लग्नसराई सुरू झाली. कोणीतरी आपल्या बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ या गाण्यावर टाकला आणि आठवड्याभरात आमचं गाणं ॲपवर मराठीत एक नंबर! मी चार वेळा फोन बंद करून चालू केला. तरी एक नंबर.

धावत काकूंच्या घरी गेलो. काकू खोबरं किसत होत्या.

"काकू, तुमचं गाणं पहिलं आलं!"

"दुसरा कोणाचा इला?"

मी एका मोठ्या सिनेमातल्या गाण्याचं नाव सांगितलं.

"अरेरे," काकू म्हणाल्या. "त्येंचो खर्च झालो असतलो."

आतल्या खोलीत शुभांगी होती. अंधेरीच्या एका ऑफिसात ऑडिट करते, बोलायला मोजकी. बाहेर आली, मला म्हणाली, "अभिनंदन," आणि आईकडे न बघता चप्पल घालून निघून गेली. काकू खोबरं किसतच होत्या. म्हणाल्या, "बोलणा नाय माझ्याशी. व्हिडिओ इल्यापास्ना."

दोन खोल्यांचं घर, दोनच माणसं, आणि बोलणं बंद. माझी एक नंबरची हवा तिथेच उतरली.

*

मुलुंडच्या एका हॉलमधून फोन आला. आमच्या गाण्याच्या व्हिडिओखाली माझाच नंबर होता. पलीकडे नवरीचा काका.

"ही शुभांगी कोण?"

"का हो?"

"हळदीला तुमचं गाणं लावलं. आमच्या मुलीचं नाव नेहा. ती सहज म्हणाली, ही शुभांगी कोण मध्येच? आणि नवरा मुलगा एकदम पांढरा पडला."

मला काही कळेना.

"अहो, त्याची आधीची मैत्रीण शुभांगी! नेहाला वाटतंय त्याच्या मित्रांनी मुद्दाम बनवून घेतलंय गाणं. अर्धी हळद लागलीये आणि ती खोलीत दार लावून बसलीये."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून दारापाशी धरला आणि मी शपथेवर सांगितलं की ही शुभांगी चाळीस वर्षांची, भांडुपची, गाणाऱ्या बाईंची मुलगी आहे. मग नवऱ्या मुलाचा बारीक आवाज आला, "थँक यू, दादा."

*

मग लोक आपापल्या नावाचं गाणं मागायला लागले. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी दोन नावं दिली, अक्षता आणि प्राची. मला वाटलं, जुळ्या बहिणींची लग्नं असतील.

"नाही हो," ते म्हणाले. "दोन स्थळं आहेत, मुलाचं अजून ठरत नाहीये. तुम्ही दोन्ही करून ठेवा."

नितीनने फोन माझ्या हातातून काढून घेतला, कारण माझ्या तोंडून काय निघालं असतं ते त्याला माहीत होतं.

*

आणि एका गुरुवारी शुभांगी स्वतः आली. सोबत काकू, पण दोन पायऱ्या मागे.

"गाणं ऐकून ऑफिसमध्ये काल माझं केळवण केलं," शुभांगी म्हणाली. "केक आणला, साडी आणली. मी लग्न करत नाहीये म्हटलं तर म्हणे, लाजतेय. बावीस माणसांसमोर मला सांगावं लागलं की हे माझ्या आईचं स्वप्न आहे, माझं नाही. माझं नाव काढा."

कंपनी एक नंबरच्या गाण्याला हात लावू देईना. पण नवं रेकॉर्डिंग करून द्यायला त्यांची हरकत नव्हती. मी माइक लावला. काकू आत गेल्या आणि काचेतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिका विचार, मग नाव कोणाचा घालू?"

शुभांगी माझ्या शेजारी उभी, खांद्यावर पर्स तशीच. म्हणाली, "तिला सांगा, तुझंच घाल."

मी आत बोलायचं बटण दाबून सांगितलं. काकूंनी काचेआडून मान हलवली.

"माझी हळद झाली खय? कापडगिरणीचो संप होतो. देवळात हार घातले नि भांडुपाक इलंव."

"माहितीये मला," शुभांगी म्हणाली, पण बटण दाबलेलं नव्हतं. आत ते ऐकू गेलं नाही.

म्युझिक सोडलं. काकू नावापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा सोडलं, पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्यांदा तर नावाच्या आधीच थांबल्या. नितीन माझ्या कानात म्हणाला, "आज राहू दे रे." मी मान डोलावली, पण हात रेकॉर्डिंगच्या बटणावरून निघेना.

लाल दिवा चालू असताना आत जायचं नाही, हे आमच्याकडे दारावर लिहिलेलं आहे. शुभांगीने दार ढकललं, सरळ आत गेली, आईच्या शेजारी माइकपाशी उभी राहिली आणि गायली. चाळीस वर्षांत ही बाई गायली असेल असं मला वाटत नाही. सूर इकडे, ताल तिकडे.

"हळू लावा गो हळद, माझ्या सुमतीक."

नितीनचा हात स्टॉपकडे गेला. मी तो धरून ठेवला.

आत काकू मुलीकडे बघत होत्या. "पट्टी वर घेतलंस गो," त्या म्हणाल्या.

"मग तू गा ना."

"माझी हळद मीच गाव? तू गा," काकू म्हणाल्या. "मी बसतंय."

आणि पदर सावरून त्या स्टुलावर बसल्या.