मागच्या खोलीतला पाइप

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. कुणाच्या परसात जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप दिसला, तरी पुरतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथला उपनिरीक्षक होतो. मोरिवली हे तिथलं जुनं गाव. औद्योगिक वसाहतीच्या भिंती थेट गावातल्या परसांना येऊन टेकलेल्या. शेती गेली, कारखाने आले, कारखान्यांमागून बाहेरगावचे कामगार आले. त्यांना भाड्याने द्यायला ज्याने त्याने घरामागे एक खोली काढली. परवानगीची फिकीर कुणाला नव्हती. मग एके दिवशी पालिकेच्या नोटिसा लागल्या : मागची खोली रीतसर मंजूर करून घ्या, नाहीतर पाडू. अर्जाला नकाशा जोडायचा आणि जागेच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती. झालं, गावाची झोप उडाली. जो तो नकाशा काढून घ्यायला उल्हासनगरला पळू लागला.

त्या धामधुमीत एका शुक्रवारी दुपारी ठाण्यात एक कामगार आला. शुक्रवार म्हणजे वसाहतीच्या सुट्टीचा वार. साताऱ्याकडचा, लेथवर काम करणारा, चांगला धट्टाकट्टा गडी. मोरिवलीत एका म्हाताऱ्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. घामाने निथळत होता आणि खुर्ची दिली तरी बसेना. त्याचं म्हणणं असं, की खोलीच्या कोपऱ्यात फरशीतून एक पाइप वर आलाय आणि त्यातून बाई बोलते. एरवी भिंतीपलीकडच्या कारखान्याचा प्रेस रात्रंदिवस धडधडत असतो, तेव्हा काही कळत नाही. पण सलग दोन शुक्रवार त्याने आवाज ऐकला होता. आज त्याने धीर करून पाइपाला तोंड लावलं आणि ‘कोण हाय?’ असं विचारलं.

“मग?” मी म्हणालो.

“‘मी हाय’ म्हणाली, साहेब.”

हवालदार हसले. मीही हसलो. मालकाला विचारलंस का, म्हटलं, तर त्याने विचारलं होतं. खोलीखाली जुनी विहीर होती. म्हाताऱ्याने ती बुजवली नव्हती, वर स्लॅब टाकून झाकली होती. विहिरीचं तोंड पुरतं बंद करायचं नसतं, तिला श्वास घ्यायला वाट ठेवावी लागते, असं तिथली जुनी माणसं मानतात, म्हणून तो पाइप. मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. रिकाम्या बाटलीत फुंकर मारली की वाजतं, तसा वारा पाइपात वाजत असणार. मी त्याला म्हणालो, “कापडाचा बोळा कोंब आणि गप झोप.” स्टेशन डायरीत नोंदसुद्धा घेतली नाही.

पुढच्या गुरुवारी बदलापूरजवळच्या सोनिवलीहून एक शेतकरी आला. त्याची मुलगी मोरिवलीत दिलेली, जावई वर्षापूर्वी वारला. मुलीला चार दिवस घरी न्यायला म्हणून तो गेला, तर विहीणबाई म्हणाली, ती तीन आठवड्यांपूर्वीच तुमच्याकडे गेली. ती तर आलीच नव्हती. म्हातारा हे सांगताना डोक्यावरची टोपी काढून पुन्हा पुन्हा झटकत होता. तिला धूळ लागलेली नव्हती.

बेपत्ता व्यक्तींच्या रजिस्टरला नोंद करून मी मुलीच्या दिराला बोलावलं. इस्त्रीचे कपडे, आवाज खाली, प्रत्येक वाक्याला ‘सायेब’. वहिनी सकाळच्या एसटीने गेली, कुठे उतरली ते ठाऊक नाही, बाईमानसाच्या मनातलं आपण काय सांगणार, असं त्याचं उत्तर. दोन तास उलटसुलट विचारलं, तो जागचा हलला नाही. उठताना मात्र त्याने विचारलं, “चवकशी लांबल का, सायेब? सोमवारी आमचे खोलीची पाहनी हाय.” घरातली बाई नाहीशी झालेली आणि याला खोलीची काळजी. हे मला खटकलं.

शुक्रवारी सकाळी मी मुलीच्या बापाला बरोबर घेतलं आणि पालिकेच्या बांधकाम खात्यात गेलो. कारकुनाने दिराची फाइल काढून दिली. जागेत मयत भावाचा हिस्सा होता, म्हणजे आता त्याच्या विधवेचा. तिच्या संमतीशिवाय खोली मंजूर होणार नव्हती. संमतीपत्र जोडलेलं होतं. हिस्सा सोडून देत असल्याचा मजकूर आणि खाली निळ्या शाईत अंगठा. तारीख त्याच आठवड्यातल्या सोमवारची.

“माझी पोर सातवी शिकलीय,” बाप म्हणाला. “ती सही करते. आंगठा कनाला लावेल?” मग तारीख वाचून त्याचा चेहरा उजळला. “म्हंजे सोमवारी ती होती, सायेब. हाय ती.”

मेलेल्या माणसाचाही अंगठा उठतो, हे मला माहीत होतं. त्याला ते माहीत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी कारकुनाकडे जुना मोजणीचा नकाशा मागितला. दिराच्या परसाच्या हद्दीवर एक गोल होता, अर्धा त्याच्या जागेत, अर्धा शेजारच्या. हे काय, म्हटलं, तर कारकून म्हणाला, चुलत्या-पुतण्यांची सामाईक विहीर. अर्जाच्या नकाशात तो गोल नव्हता. शेजाऱ्याची फाइल मागवली, तिच्यातही नव्हता. विहिरीवर बांधकाम मंजूर होत नाही, म्हणून दोघांनीही नकाशातून ती उडवली होती. शेजारी म्हणजे साताऱ्याच्या कामगाराचा तो म्हातारा मालक. दोन खोल्या, मधे एक भिंत, आणि दोन्हींच्या खाली एकच झाकलेली विहीर.

पालिकेच्या त्या लख्ख उजेडाच्या खोलीत मी दोन्ही फाइली मिटल्या. ‘मी हाय’ हे शब्द मला आता ऐकू येत होते.

दोन पंच आणि एक महिला शिपाई घेऊन आम्ही दुपारी मोरिवलीत पोचलो. सुट्टीमुळे प्रेस बंद. गाव इतकं शांत, की दूर कुणी भांडं ठेवलं तरी ऐकू यावं. दिराच्या घरावर शिपाई ठेवला आणि मी आधी कामगाराच्या खोलीत शिरलो, कारण दार फोडण्याआधी मला खात्री हवी होती. पाइपात त्याने जुन्या सदऱ्याची बाही गच्च कोंबली होती, वर लिंबू-मिरची बांधली होती. मी ती बाही ओढून काढली. खालून गार हवा तोंडावर आली, ओल्या दगडाच्या वासाची. मी कान लावला.

काहीच नाही. माझाच श्वास पाइपात जाऊन परत येत होता. मग खूप खोलवर टक्, टक्, असं स्टीलचं भांडं लोखंडावर आपटल्यासारखं. थांबून पुन्हा टक्.

“मी पोलीस बोलतोय,” मी पाइपात म्हणालो. “कोण आहे?”

टकटक थांबली. कामगार दारात उभा राहून देवाचं नाव घेत होता. मग पाण्यावरून सरकत आल्यासारखा बाईचा आवाज आला, अगदी हळू.

“तू खरा मानूस हायस ना?”

नोकरीत मी नाना तऱ्हेचे आवाज ऐकले. इतका घाबरलो नाही कधी. मी पाइपात ‘हो’ म्हणालो आणि उठलो.

पंचांसमक्ष दिराच्या मागच्या खोलीचं कुलूप तोडलं. खिडकी विटांनी बंद केलेली. इथेही कोपऱ्यात फरशीतून तसाच एक पाइप वर आला होता. ती त्याच्याशी बसली होती, हातात स्टीलचा पेला, उजव्या अंगठ्याला अजून निळी शाई. बाप आत आला तरी तिने पेला सोडला नाही. संमती द्यायला नकार दिला म्हणून दिराने आणि सासूने तिला कोंडलं होतं, अंगठा धरून उठवला होता. मंजुरी हातात पडल्यावर तिचं काय करणार होते, हे मी दोघांनाही पुष्कळ विचारलं. दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. डांबून ठेवल्याबद्दल आणि खोट्या संमतीबद्दल दोघांना शिक्षा झाली, तिचा हिस्सा तिला मिळाला.

ठाण्यात येणारा माणूस कधीकधी भुताची तक्रार घेऊन येतो. तीही लिहून घ्यावी, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. पुढे मी प्रत्येक नव्या शिपायाला हे सांगत आलो, का ते मात्र कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात तिचा जबाब मीच लिहून घेतला. ती म्हणाली, मागच्या शुक्रवारी पलीकडून कुणीतरी ‘कोण हाय’ विचारलं. ती ‘मी हाय’ म्हणाली, आणि त्यानंतर पाइपातून काहीच येईना. आठवडाभर ती हाका मारत राहिली. “मना वाटलं, मीच मेलेली हाय,” ती म्हणाली, “न् मनाच ठाव नाय.”

पाइपात बोळा होता, एवढं कामगाराने आपल्या जबाबात सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून घातला, असा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो माझ्याकडे पाहत थांबला होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, सही कर.