विआरोहण

हा शब्द मी बनवला आणि तो मला फार आवडला होता. सांगायचं तर इथूनच सांगायला पाहिजे.

केजला माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्या शतकाची पहिलीच वर्षं. शाळांत, पतसंस्थांत कॉम्प्युटर यायला लागले होते, सगळ्यांवर चोरीच्या सीडीवरची विंडोज. पुण्यातली काही हौशी मंडळी विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी लिनक्स मराठीत आणत होती. मेलवर इंग्रजी शब्दांच्या याद्या यायच्या, मी मराठी करून पाठवायचो. साध्या माणसाला इंग्रजीवाचून कॉम्प्युटर चालवता यावा, एवढ्यासाठी तो खटाटोप. पण शब्द करताना माझ्या डोळ्यांसमोर असायची ती पुण्याची मंडळी. 'अनमाउंट', म्हणजे फ्लॉपी काढण्याआधी कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, तिला मी 'विआरोहण' लिहिलं. त्यांनी वाहवा केली.

मीच मागे लागून एका खासगी शाळेच्या ऑफिसात ती लिनक्स बसवली. तिथं टायपिंगला माझ्याच क्लासात शिकलेली एक बाई होती, बारावी झालेली. सासरचे सगळे दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. हेडसर तिला म्हणाले होते, सहामाहीचे पेपर नीट काढून दिलेस तर कायम करतो. कायम झाली तर ती आणि तिची दुसरीतली लेक गावातच राहणार होत्या.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, हे विआरोहण म्हंजी काय?"

"इमानात बसायचं आसंल, बाई!" शिपाई म्हणाला. ऑफिस हसलं, मीही हसलो. समजावत बसायचा मला कंटाळा आला होता. म्हणालो, "ते जाणकारांसाठी हाय. तुमी त्याच्या वाटंला जाऊ नका."

पेपर फुटू नयेत म्हणून हेडसरांचा नियम होता, कॉम्प्युटरात काही ठेवायचं नाही, सगळं फ्लॉपीवर. तिनं दिवसभर बसून चार पेपर टाइप केले, साठवले, आणि विंडोजवर मी शिकवलं होतं तशी बटण दाबून फ्लॉपी काढली. पण लिनक्स लिहायचं काम थोडं मागे ठेवते. विआरोहण केलं, की मगच ते फ्लॉपीवर पुरं होतं. प्रेसमध्ये फ्लॉपी उघडलीच नाही.

मला बोलावणं आलं. हेडसर भडकलेले. "फुकटची सिस्टीम आन् फुकटचा ताप! संस्थेच्या बाकी शाळांत हीच बसवायचं चाललं होतं माझं. चुकी कुणाची, तेवढं सांगा. सिस्टीमची का हिची?"

मी म्हणालो, "सिस्टीम चांगली हाय. ताईंनी विआरोहण न करता फ्लॉपी काढली."

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, तुमीच म्हणलतात ना, त्याच्या वाटंला जाऊ नका?"

"मी आसं कशाला म्हणंन?"

शिपाई तिथंच उभा होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला. ती एवढंच म्हणाली, "मग 'उतरवा' लिवायचं की, सर. जीपमधनं माणूस उतरवत्यात तसं. कुणालाबी कळलं आस्तं."

पेपर गुरुजींनी स्टेन्सिलवर हातानं लिहून काढले. तिला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. ऊसतोडीची टोळी निघायला अजून चार दिवस होते. चारही दिवस मी शाळेवरून गेलो. एकदा तर फाटकापाशी गाडी थांबवली, आणि पुन्हा किक मारली.

पुण्याला मी 'उतरवा' कळवलं. किती सोपा शब्द सुचला तुम्हाला, असं उत्तर आलं. मला सुचला नाही, हे मी कळवलं नाही.

दिवाळीनंतर त्याच शाळेत दुसरा कॉम्प्युटर लावायला गेलो. शेजारच्या टेबलावर दुसरीच्या बाई हजेरीपट भरत होत्या. एका मुलीच्या नावापुढं त्यांनी 'पालकांसोबत स्थलांतर' असं लिहिलं आणि पुढचे रकाने एका रेघेत मारून टाकले. वडलांचं नाव ओळखीचं होतं; माझ्या क्लासच्या वहीत टायपिंगच्या त्या बाईच्या नावापुढं तेच होतं. मी मान खाली घालून वायरी जोडत राहिलो.