तात्यांची पावणी

मगातलं पाणी घडावरनं निथळत व्हतं अन् माझा हातच थिजला. मी चुकीच्या लाईनीत उभी व्हते. माझं पोर मांडवाच्या तारेला बांधलेल्या झोळीत रडून रडून लालबुंद झालेलं, त्याच्याकडं बघत बघत पुढं सरकले अन् थॉमसन द्राक्षाची लाईन सोडून पावणीच्या लाईनीत शिरले. दहा झाडांचे घड बुडवून झालेले.

खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आमच्याकडं घड औषधाच्या पाण्यात बुचकळून काढत्यात. हाताला इतकी सवय की डोळं मिटून बी जमतं. पण पावणीला ते पाणी लावायचं नाय, हे तात्यांनी आमा बायांना दहादा बजावलेलं.

तात्या म्हंजे आमच्या नारायणगावच्या बागेतले कलम करणारे. माणसांशी कमी अन् वेलींशी जास्त बोलायचे. इटलीची पांढरी, वाईनची द्राक्षं, वर्मेंटिनो नाव तिचं. तिच्या काड्या कुठनं तरी मिळवून त्यांनी अठरा झाडं केली व्हती. तिला ते पावणीच म्हणायचे. "पावणीला आपल्या घरची रीत लावायची नाय. ती बारीकच गोड लागती."

हौसाक्का कामाला असायची, ती लई टिंगल करायची. "तात्या, मणी वाटाण्याएवढा, त्यात बिया. बाजारात नेली तर पाटीसकट माघारी यील."

"हौसा, हिला बाजारात न्यायचीच नाय," तात्या म्हणायचे. "हिच्यासाठी माणसं बांधावर येतील."

मणी पिकला का, ते जिभेनं नाय, कानानं बघायचे. बी दाताखाली धरायची, डोळं मिटायचे, चावायची. "कडकन वाजली तर पिकली. मऊ लागली तर थांब." मला पण शिकवलं. पोर काखेत घेऊन मी चावायचे अन् ऐकायचे.

होळीच्या टायमाला वाईन कारखान्याचे साहेब चाखायला येणार व्हते. चव पटली तर मालक दोन एकर लावणार, नाय पटली तर अठराच्या अठरा उपटून तिथं थॉमसन.

तात्या सांजच्या जीपनं जुन्नरहून आले. मी रडत सांगितलं. त्यांनी आधी झोळीतनं पोर काढून खांद्यावर घेतलं, मग इचारलं, "किती झाडं?"

"नऊ," मी म्हणाले.

दहावं म्हंजे बांधाकडचं पयलं झाड. सगळ्यात आधी कलम केलेलं. चहाच्या आधी तात्या रोज त्याला हात लावायचे. त्याचं माझ्या तोंडातनं निघालंच नाय.

"घाबरू नको. नऊ फुगतील, नऊ राहिली की," तात्या म्हणाले. "त्यांना लाल चिंध्या बांध, वळखू आली पायजेत." मी नऊ चिंध्या बांधल्या.

मणी फुगत गेले. तात्या रोज पयल्या झाडापाशी थांबायचे, घड तळहातावर घ्यायचे, सोडायचे अन् पुढं जायचे. एकदा मी जवळ जाऊन म्हणाले, "तात्या, एक सांगायचं व्हतं." तर म्हणाले, "आधी पोराला पाज, कवाचं चुळबूळ करतंय." मी पाजायला बसले अन् सांगायचं राहिलं.

साहेब आले. तात्यांनी त्यांना आधी चिंधीच्या झाडाचा मणी दिला, मग बिनचिंधीचा. "ह्यात पाणी, ह्यात रस. औषध माझ्याच चुकीनं लागलं साहेब, पण फरक तर कळला." साहेबांनी दुसरा मणी चावला, अन् अजून एक मागितला. मग बांधाकडं बोट केलं. "त्या झाडाचा बघू."

"ते म्हातारं झालंय," तात्या म्हणाले. मागं वळून पाह्यलं बी नाय. "औंदा त्याला आराम दिलाय."

मी पोराला छातीशी धरून उभी व्हते. तवा कळलं, त्यांना ठावं हाय.

दोन एकर लागली. आता आंबेगावाकडनं बी माणसं काड्या मागायला येत्यात. पुढं तात्यांचे गुडघे गेले अन् ते मंचरला लेकीकडं राह्यला निघाले. जाताना कलमाचा चाकू माझ्या हातात दिला, अन् ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. "पयल्या झाडाच्या हायेत," एवढंच बोलले. तवा तरी सांगायचं ना मी. जीप सुटली. दिवाळीच्या आधी तात्या गेल्याचा निरोप आला.

निमगाव सावाला आमच्या रानात त्या काड्यांची कलमं मी माझ्या हातानं बांधली. बावीस फुटलीत. पोरगं बालवाडीला जाताना एकेकाला हात लावून जातं, त्याला कुणी शिकवलं नाय.

मी नऊ म्हणाले, अन् तात्या शेवटपर्यंत नऊच धरून चालले. तुमी माझ्या जागी असता, तर दहावं सांगितलं असतं का?